पुढचा कच्चा दुवा : ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’

रॉजर डोनाल्डसन यांच्या ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ (२००५) या चित्रपटात एका शेडमध्ये एक फळी आहे. तिच्यावर फुटलेले पिस्टन आणि इंजिनाचे आणखी कितीतरी मोडके भाग मांडून ठेवलेत. सोबत हातानं लिहिलंय : वेगाच्या देवाला अर्पण. आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं-अवजारं घासूनपुसून पुजतात, पण ती चालती असतात. मूर्तीला तडा गेला की देव्हाऱ्यात तिला जागा उरत नाही, तिचं विसर्जन होतं. इथं मात्र जे भंगलं तेच निवडून देवापुढं ठेवलंय. दिग्दर्शक या फळीवर फार रेंगाळत नाही, तरी दोन तासांच्या या चित्रपटाची किल्ली तिथंच टांगलेली आहे. म्हाताऱ्या माणसाच्या जिद्दीची गोड गोष्ट म्हणून हा चित्रपट अनेकांना आवडला. माझ्या मते त्याचा खरा विषय मोडणं हा आहे. काय मोडलं, का मोडलं, ते बदलल्यावर पुढं काय मोडलं, या प्रश्नांची साखळी म्हणजे हा चित्रपट.

गोष्ट खऱ्या माणसाची आहे. बर्ट मन्रो हा न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला असलेल्या इन्व्हरकार्गिलचा, जन्म १८९९चा. १९२० साली त्यानं ‘इंडियन स्काउट’ ही मोटरसायकल नवी कोरी घेतली. इंडियन ही अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची कंपनी. गाडीचं इंजिन ६०० सीसीचं, व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरांचं. पळायची ताशी ५५ मैल, म्हणजे ८८-८९ किलोमीटर. १९२६पासून मन्रो तिच्यात फेरफार करू लागला आणि मग थांबलाच नाही. दिवसा मोटरसायकली विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि रात्री आपली गाडी खोलून बसायचं. १९६२ साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, तो ती घेऊन अमेरिकेत युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर पोचला. ८५० सीसीपर्यंत वाढवलेल्या त्याच इंजिनावर त्यानं ताशी १७८.९५ मैलांचा, म्हणजे सुमारे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. चित्रपट या एका सफरीची गोष्ट सांगतो : आधी शेड, मग बोट, मग रस्ता आणि शेवटी मीठ.

जुन्या गाडीचे भाग बदलून ती ट्रॅकवर नेणाऱ्याला एक गोष्ट लवकरच कळून चुकते. एक भाग मजबूत केला की ताण नाहीसा होत नाही, तो शेजारच्या भागावर सरकतो. ड्रम ब्रेक काढून डिस्क लावली की पुढचं चाक धरणारा, तोवर धडधाकट वाटणारा बारीक फोर्क ब्रेक दाबताच पिळवटायला लागतो. जाड फोर्क घातला की चासी हँडलच्या सांध्यापाशी लवायला लागते. चिकट रबराचे नवे टायर चढवले की गाडी वळणावर जास्त झुकू शकते, आणि मग मागचं चाक धरणारा स्विंगआर्म आपली कमजोरी दाखवतो. मूळ गाडी करणाऱ्यानं सगळे भाग एकमेकांच्या बेतानं केलेले असतात. त्यातल्या एकाला बढती दिली की बाकीचे उघडे पडतात. आज जुन्या गाडीसाठी भट्टीतून ठोकून काढलेला तयार पिस्टन किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन मागवता येतं, घरपोच येतं. पण पुढचा कच्चा दुवा कुठं निघेल हे कुठल्याच कॅटलॉगात छापलेलं नसतं.

मन्रोची स्काउट हा या नियमाचा चाळीस वर्षं चाललेला वस्तुपाठ आहे. तिचं मूळ इंजिन साइड-व्हॉल्व्हचं. म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला, त्यामुळं पेट्रोल-हवेच्या मिश्रणाला आत शिरताना वळसा पडणार आणि कॉम्प्रेशनही बेताचंच राहणार. मन्रोनं व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नेले आणि ते हलवायला चार कॅमची रचना केली. आता आत भरणारं मिश्रण वाढलं, स्फोटाचा जोर वाढला, तर तो जोर झेलणारे पिस्टन नवे हवेत. ते त्यानं स्वतः ओतले. पिस्टनचा धक्का खाली पोचवणारे कनेक्टिंग रॉड तेवढ्या ताकदीचे हवेत; ते त्यानं कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या ॲक्सलच्या पोलादातून कोरून काढले. एवढी ताकद जुन्या क्लचला पेलेना, म्हणून १७ प्लेटांचा क्लच. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडं नेणाऱ्या मूळच्या दातेरी चाकांच्या जागी तिपदरी चेन. हे बदल याच क्रमानं झाले असं नव्हे, पण एकानं दुसऱ्याला ओढून आणावं असा त्यांच्यातला तर्क आहे. फळीवर मांडलेला प्रत्येक तुकडा म्हणजे या तर्कातली एक पायरी.

हे सगळं चित्रपटात सांगत बसलं तर ती तांत्रिक शिकवणी होईल. डोनाल्डसन यांनी त्यातून नेमकी कामं उचलली आणि शेजारच्या टॉम या लहान मुलाच्या नजरेतून ती दाखवली. ओतकामाचं दृश्य पाहा. वितळलेला धातू साच्यात उतरतो, थंड होतो, साचा सुटतो आणि हातात येतो एक खडबडीत, ओबडधोबड डबा. पिस्टन तो अजून झालेला नसतो. ॲल्युमिनियम तापल्यावर सिलिंडरच्या बिडापेक्षा जवळजवळ दुपटीनं फुगतं. फट कमी ठेवली तर इंजिन तापल्यावर पिस्टन आतच आवळून बसणार, जास्त ठेवली तर जोर बाजूनं निसटणार. या दोन चुकांच्या मधल्या केसभर जागेत कानस चालते. खऱ्या मन्रोकडं मायक्रोमीटरच्या जागी चाकाचा एक जुना स्पोक होता आणि पिस्टन ओतायला जुने डबे. दिग्दर्शक इथं भव्य संगीत लावून चमत्काराचा आव आणत नाही. पोराच्या प्रश्नांना म्हातारा सरळ, बरोबरीच्या माणसाला द्यावीत तशी उत्तरं देतो. कारागिरी शिकवायची झाली तर ती अशीच शिकवावी लागते, पिस्टन हातात देऊन.

दुसरं दृश्य टायरचं. मन्रो स्वयंपाकघरातल्या मोठ्या सुरीनं टायरवरची नक्षी कापून काढतो. प्रेक्षक हसतो, कारण सुरी मांस कापायची आणि टायर रबराचा. पण या विनोदाखाली पक्कं गणित आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगात चाकाच्या कडेवरचा रबर बाहेर फेकला जायला बघतो, आणि ती ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. साधारण एक तृतीयांश मीटर त्रिज्येच्या चाकावर या वेगाला दहा ग्रॅमचा रबराचा तुकडा वीसेक किलो वजन टांगावं तसा ओढला जातो. रस्त्यावर पाणी कापायला केलेली ती नक्षी मिठावर निरुपयोगी, उलट तीच आधी उखडणार. म्हणजे इथं सुधारणा म्हणजे भर घालणं नव्हतं, काढून टाकणं होतं. एखादा भाग बदलायचा की नुसता हलका करायचा, हा प्रश्न ट्रॅकच्या गाडीत सतत येतो, आणि चित्रपटानं त्याला एका सुरीत बसवलं. टॉमला ही आकडेमोड कुणी सांगत नाही. कापलेल्या रबराचे तुकडे मात्र त्याच्या डोळ्यांसमोर पडत राहतात.

मिठावरची तपासणी हा चित्रपटातला सगळ्यांत चांगला लिहिलेला प्रसंग. मन्रोनं आधी नाव नोंदवलेलं नाही. गाडीला वेग तोडणारं पॅराशूट नाही, ब्रेक नावापुरता, पेट्रोलच्या टाकीला ब्रँडीच्या बाटलीचं बूच, टायरवरच्या भेगांत बुटाचं पॉलिश. तपासनीस एकेक गोष्ट बघत जातात तसतसा प्रसंग विनोदी होत जातो. साध्या चित्रपटात हे तपासनीस खलनायक झाले असते. इथं त्यांचे चेहरे बघण्यासारखे आहेत : त्यांना माणूस आवडलाय, आणि गाडीची भीती वाटतेय. दोन्ही भावना खऱ्या आहेत, दोन्हींना आधार आहे. नियमावली हीसुद्धा एक फळीच असते. तिच्यातलं प्रत्येक कलम कुठल्या तरी अपघातानं लिहायला लावलेलं असतं. मन्रोच्या फळीवर त्याचं स्वतःचं मोडलेलं आहे, नियमावलीत इतरांचं. या प्रसंगात दोन फळ्या समोरासमोर येतात, आणि चित्रपट कुठल्याच एका बाजूला पूर्ण जिंकू देत नाही. मैदानावर ओळख झालेल्या स्पर्धक जिम मॉफेटसारखी माणसं मध्ये पडतात, मन्रोला एक चाचणीची फेरी मिळते आणि पुढचा निर्णय घड्याळावर सोपवला जातो.

मधला प्रवासाचा भाग अनेकांना सैल वाटतो. बोटीवर आचाऱ्याचं काम करून केलेला प्रवास, लॉस एंजेलिसमधलं मोटेल, जुन्या गाड्या विकणारा फर्नांडो, वाळवंटातला जेक, एकट्या राहणाऱ्या एडाचं घर. पण गाडीच्या अंगानं पाहिलं तर इथंही तोच नियम लागू आहे. स्काउट मजबूत आहे, म्हणून आता तिला वाहून नेणारा ट्रेलर मोडतो. चाक निखळतं आणि मन्रो त्या जागी झाडाची फांदी बांधून पुढं निघतो. फर्नांडोच्या आवारात तो बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करतो आणि त्या बदल्यात त्याला ट्रेलर करायला जागा, हत्यारं मिळतात. म्हणजे त्याचं चलन पैसा नाही, दुरुस्ती आहे. अनोळखी देशात त्याला भेटणारा प्रत्येक माणूस कुठल्या तरी अर्थानं मोडलेला किंवा बाजूला पडलेला आहे, आणि मन्रो त्यांच्याशी सहज बोलतो, कारण मोडलेल्या गोष्टींजवळ थांबायची त्याला सवय आहे.

मग मिठाचं मैदान येतं आणि चित्रपटाची भाषा बदलते. छायालेखक डेव्हिड ग्रिबल यांनी शेडमधलं सगळं जवळून टिपलंय : धातू, हात, तेल, कोपरे. बॉनव्हिलला मात्र पडदा जवळजवळ रिकामा होतो. पांढरी जमीन, लांबवर डोंगर आणि मिठावर आखलेली काळी रेघ. इतक्या मोकळ्या जागेत वेग दाखवणं अवघड, कारण बाजूनं सरकणारं काही नसतं. म्हणून दिग्दर्शक वेग आवाजातून आणि थरथरीतून सांगतो. इंजिनाचा सूर चढतो, हँडल थरथरतं, काळी रेघ चाकाखालून डोलायला लागते. आपण शेडमध्ये त्या इंजिनाचे भाग सुटे पाहिलेत, म्हणून या आवाजात आपल्याला एकेक भाग ऐकू येतो. पहिल्या अर्ध्या चित्रपटाची मेहनत इथं वसूल होते.

या थरथरीमागं हवा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनानं. ताशी ८९ किलोमीटरवरून १९६७च्या विक्रमाच्या २९५वर जायचं म्हणजे वेग सव्वातीनपट, पण ताकद सुमारे छत्तीसपट हवी. मन्रोचं इंजिन १९६७पर्यंत ६०० सीसीवरून ९५०वर गेलं, म्हणजे आकारानं दीडपटीहून थोडंच मोठं झालं. उरलेली दरी फक्त इंजिनातल्या सुधारणांनी भरणार नव्हती, म्हणून गाडीभोवती निमुळतं कवच आलं. बॉनव्हिलची जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८५ मीटर उंच. विरळ हवा विरोध कमी करते, पण इंजिनालाही तीच विरळ हवा मिळते. कवचानं वेग दिला आणि नवा कच्चा दुवा उघडा केला. वाऱ्याचा दाब गाडीच्या वजनाच्या मध्याच्या पुढं पडला की गाडीचं तोंड भरकटायला लागतं. १९६७ साली खऱ्या मन्रोची गाडी अशीच डोलायला लागली. वेग कमी करायला तो कवचातून वर उठून बसला, तेव्हा वाऱ्यानं त्याचा चष्मा उडवला, त्याला काही दिसेना, आणि शेवटी त्यानं गाडी आडवी पाडून स्वतःला वाचवलं. चित्रपटातल्या अखेरच्या फेरीत ही भीती आणि हा वारा आहे. डोनाल्डसन यांनी वेगवेगळ्या वर्षांतले अनुभव एकाच फेरीत जोडलेत.

एकेक दुवा पक्का करत गेल्यावर शेवटी कोणता दुवा उरतो? चित्रपटाचं उत्तर मला सगळ्यांत आवडतं : गाडी चालवणारा माणूस. मन्रोच्या छातीत दुखतं, त्याला गोळी जिभेखाली ठेवावी लागते. प्रोस्टेटचा त्रास आहे, त्यावर जेक त्याला आपल्याकडची एक भुकटी देतो आणि प्रेक्षक हसतो. सकाळी लिंबाच्या झाडाशी उभं राहून मोकळं होण्याचा त्याचा नेम विनोद म्हणून येतो, पण तोही शरीराचीच आठवण करून देतो. अखेरच्या फेरीत तापलेल्या एक्झॉस्टला लागून त्याचा पाय भाजतो आणि तो थांबत नाही. पिस्टन नवा ओतता येतो, पाय ओतता येत नाही. इंजिनात चाळीस वर्षं सरकत राहिलेला ताण अखेर हाडामांसात येऊन थांबतो, आणि तिथं तो सोसण्यावाचून दुसरी दुरुस्ती नसते.

हे सगळं अँथनी हॉपकिन्स यांच्या अंगावर शोभून दिसतं. चित्रीकरणाच्या वेळी ते मन्रोच्या १९६२मधल्या वयाच्या फार दूर नव्हते. दरारा वाटावा अशा भूमिकांसाठी ओळखला जाणारा हा नट इथं चेहऱ्यापेक्षा हातांनी आणि कानांनी अभिनय करतो. इंजिन चालू असताना त्याची मान थोडी कलते आणि नजर कुठंच नसते. सुरात काहीतरी बिनसलंय हे त्याच्या ऐकण्यातून आपल्याला कळतं. माणसांशी बोलताना तो मोकळा, थोडा बहिरट, थोडा अतिबोलका. गाडीपाशी आला की शब्द कमी होतात.

चित्रपटाची स्वतःची जडणघडणही या विषयाशी जुळते. डोनाल्डसन यांनी १९७१ साली मन्रोवर एक माहितीपट केला होता, आणि त्याचं नाव त्या फळीवरूनच घेतलं होतं : ‘ऑफरिंग्ज टू द गॉड ऑफ स्पीड’. तेव्हा मन्रो हयात होता. १९७८ साली तो गेला. दिग्दर्शक चौतीस वर्षांनी त्याच कथेकडं परतला आणि तिचे बरेचसे भाग बदलले. खऱ्या माणसाच्या जागी नट आला, अनेक वर्षांच्या जागी एक सफर आली, साध्या नोंदींच्या जागी कल्पित भेटीगाठी आल्या. फळी मात्र जागची हलली नाही. कुठला भाग बदलायचा आणि कुठला ठेवायचा, याचा विवेक दिग्दर्शकालाही होता.

पण बदलताना काही गमावलंही. खरा मन्रो बॉनव्हिलला अनेकदा गेला. त्यानं १९६२, १९६६ आणि १९६७ साली विक्रम केले, आणि मधल्या वर्षांत अपयश घेऊन परतला. चित्रपटानं हे सारं एका सफरीत कोंबलं आणि शेवटी ताशी २०० मैलांच्या वरचा आकडा दाखवला. प्रत्यक्षात नोंद झालेला त्याचा सर्वाधिक वेग ताशी १९०.०७ मैल, तोही १९६७च्या पात्रता फेरीतल्या एका दिशेच्या धावेत. एवढं स्वातंत्र्य चित्रपटाला द्यायला हरकत नाही. खटकतं ते वेगळंच. फळीचा सगळा अर्थ वारंवार हरण्यात आहे, आणि कथा मात्र एकदाच जाऊन जिंकण्याची झाली. हरून घरी परतणं, वर्षभर पुन्हा तेच खोलणं, पुन्हा समुद्र ओलांडणं, हे चित्रपटाला झेपलं नाही किंवा नको होतं. त्या जागी त्यानं माणसांचा चांगुलपणा भरला. रस्त्यात भेटणारे जवळजवळ सगळेच मदत करतात, आणि तिसऱ्या-चौथ्या भल्या माणसानंतर प्रेक्षक मनातल्या मनात एखाद्या नतद्रष्टाची वाट बघू लागतो. मन्रोला चार मुलं होती. रात्री शेडमध्ये जळणाऱ्या दिव्याचा हिशेब त्यांनीही चुकता केला असणार. ते घर या कथेत जवळजवळ दिसत नाही.

एक प्रश्न मात्र चित्रपट न विचारता सोडवून जातो. इतके भाग बदलल्यावर ही १९२०ची गाडी राहिली का? मन्रोची स्काउट कारखान्यातून निघालेल्या स्काउटांपैकी ६२७वी, अशी नोंद तिच्या इंजिनाच्या क्रमांकावरून सांगतात. आज ती इन्व्हरकार्गिलच्या हेज या हार्डवेअरच्या दुकानात बघता येते. पिस्टन, रॉड, व्हॉल्व्ह, क्लच यांतलं मूळचं शोधायला गेलं तर हाती फारसं लागणार नाही. माझ्या लेखी तिचं जुनेपण धातूत शोधायचंच नाही. एकाच माणसानं, एकाच गाडीवर, आधीची चूक विसरू न देता केलेल्या दुरुस्त्यांची ती अखंड मालिका आहे, आणि मालिका तुटली नाही म्हणून गाडी तीच. चित्रपट पाहून उठताना हे पटलेलं असतं, आणि त्यासाठी कुणी तत्त्वज्ञानाचं भाषण केलेलं नसतं.

या साखळीत एक दुवा चित्रपटानंतर सापडला. विक्रमाचा वेग दोन दिशांच्या धावांच्या सरासरीनं ठरतो, आणि १९६७ची ती सरासरी काढताना अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनची आकडेमोड चुकली होती. मन्रोच्या मुलाच्या, जॉनच्या, ते लक्षात आलं आणि २०१४ साली ताशी १८३.५८६ मैलांचा विक्रम १८४.०८७ असा दुरुस्त झाला. फरक अर्ध्या मैलाचा. इंजिन, टायर, कवच आणि माणूस यांच्यातला प्रत्येक दोष मन्रोनं शोधला होता. कागदावरचा तेवढा त्याच्या हातून सुटला. पुढच्या पिढीनं तो पकडला, आणि तोही हिशेब पुन्हा मांडून बघण्याच्या सवयीनं. ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ची थोरवी मला या सवयीत दिसते. विक्रमाच्या फेरीसाठी तो एकदा पाहावा. शेडमधल्या अर्ध्या तासासाठी मात्र पुन्हा पाहावा, कारण कुठलीही वस्तू सुधारायला बसलेल्या माणसाला विचारावा लागणारा प्रश्न तिथं हातात कानस देऊन शिकवला जातो : हे पक्कं केलं, आता पुढं काय मोडेल?